फोटोत राहिलेला हात

पस्तीस वर्षं पोलिसात काढली. खून, दरोडे, दंगे सगळं पाहिलं आणि निवृत्त झाल्यावर त्यातलं बरंचसं पुसटही झालं. एक प्रकरण मात्र मनातून जायला तयार नाही. त्यात रक्त सांडलं नव्हतं, कुणाला अटक झाली नव्हती आणि पोलीस स्टेशनच्या दफ्तरी ते एका ओळीत मिटलं: ‘अर्जदाराने अर्ज परत घेतल्याने चौकशी बंद.’ त्या ओळीखाली सही माझी आहे.

आधी माझ्याविषयी थोडं सांगतो, कारण पुढे त्याचा संबंध येतो. माझे वडील शिरपूर तालुक्यातून सुरतेला मागावर कामाला आले. आम्ही भावंडं इथेच जन्मलो, महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलो. घरात अहिराणी, रस्त्यावर गुजराती, आणि नोकरी लागली ती गुजरात पोलिसात. शेवटची दोन वर्षं मी पर्वत पाटियाच्या बाजूच्या एका पोलीस स्टेशनला इन्स्पेक्टर होतो. कापड मार्केटचा भाग. दिवसभर टेम्पो, पार्सलं, हमालांची ओरड.

लगीनसराईचे दिवस होते. सकाळी अकराच्या सुमारास ठाणे अंमलदाराने दोन बहिणींना माझ्या केबिनमध्ये पाठवलं. नावं लिहिणार नाही. घरात त्यांना मोठी आणि छोटी म्हणत, मीही तसंच म्हणतो. मोठी एकतीस-बत्तीसची, अंगावर साधा पंजाबी ड्रेस, बोटांना वाळलेला गोंद. छोटी चोवीसची, मार्केटमधल्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणारी. छोटीचे डोळे सुजलेले होते. बोलली ती मोठी.

“साहेब, आमच्या छोटीला कुणीतरी बदनाम करतंय. अठरा दिवसांवर लग्न होतं. मोडलं.”

मुलगा इच्छापोरच्या एका कारखान्यात टेक्निशियन. घराणं आपल्याच खानदेशातलं. साखरपुडा थाटात झालेला. आठवड्यापूर्वी त्याला एका अनोळखी खात्यावरून गुजरातीत चार मेसेज आले. ‘जिच्याशी लग्न करतोस तिची ऑफिसात चौकशी कर’ असा त्यांचा सूर होता, आणि सोबत एक फोटो. फोटोत छोटी एका माणसाला केक भरवत होती. दोघंच, हसत.

“हा कोण?” मी विचारलं.

छोटीने पहिल्यांदा तोंड उघडलं. “आमच्या ऑफिसातले आहेत सर. त्यांचा बड्डे होता. आम्ही नऊ जण होतो फोटोत. सगळ्यांनीच भरवला केक. बाकीचे कापून टाकलेत.”

मूळ फोटो तिने फोनमध्ये दाखवला. खरंच नऊ माणसं होती. एक तर शिपाईकाका होते, त्यांच्या नाकाला क्रीम लागलेलं.

मुलाने तिला फोन करून विचारलं नाही. फोटो आपल्या आईला दाखवला, आईने बहिणीला पाठवला, आणि त्या मावशीने तो समाजाच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी मध्यस्थाकरवी निरोप आला, आमच्याकडून नको. त्याच ग्रुपवरून तो फोटो केकवाल्या माणसाच्या बायकोपर्यंत गेला. ती चार वर्षांच्या मुलीला घेऊन साक्रीजवळच्या माहेरी निघून गेली. एका फोटोने दोन घरं उठवली होती.

“अर्ज लिहावा लागेल,” मी म्हणालो.

“मी लिहिते. तिला आत्ता जमायचं नाही,” मोठी म्हणाली. तिचं अक्षर सुरेख होतं. लिहिताना ती दर दोन ओळींनी छोटीकडे बघायची, मधेच तिची ओढणी सारखी करायची. छोटीला उमाळा आला तेव्हा मोठीने पेन खाली ठेवून तिला कुशीत घेतलं. आमच्या महिला कॉन्स्टेबलने पाणी आणून दिलं. त्या गेल्यावर ती मला म्हणाली, “साहेब, अशी बहीण पाहिजे.”

मलाही तसंच वाटलं.

गुन्हा लगेच दाखल केला नाही. छोटीलाच नाव आणखी चव्हाट्यावर यायला नको होतं. अर्जावर चौकशी सुरू केली आणि खात्याची माहिती काढायला सायबर सेलला पत्र दिलं. अशा पत्राचं उत्तर यायला वेळ लागतो. तोवर पोलीस जुन्या पद्धतीनेच चालतो: फोटो कुणाकडे होता, आणि लग्न मोडल्याने कुणाचं बरं झालं?

फोटो ऑफिसच्या ग्रुपवर होता, म्हणजे त्या नऊ जणांकडे. त्यातला माझा पहिला संशय केक खाणाऱ्यावरच गेला. एकतर्फी प्रेम करणारा माणूस स्वतःची बदनामीसुद्धा ओढवून घेतो, असं एक प्रकरण मी पूर्वी हाताळलं होतं. अनुभव कधीकधी डोळ्यांवर झापड बांधतो, तो असा.

त्याला बोलावलं. पस्तिशीचा, धुळे जिल्ह्यातला, सरळ भांग पाडलेला माणूस. सकाळी दहाला आला, त्याला मी संध्याकाळी चारपर्यंत बसवून ठेवलं. फोन काढून घेतला. त्या दिवशी मी जी भाषा वापरली ती इथे लिहिण्यासारखी नाही.

“तुला ती आवडायची. लग्न ठरलं ते सहन झालं नाही. बोल.”

“साहेब, ती मला भाऊ म्हणते.”

“सगळ्याच म्हणतात.”

तो म्हणाला, “साहेब, माझी मुलगी रोज फोनवर विचारते, पप्पा तुम्ही काय केलं? मी तिला काय सांगू ते तुम्हीच सांगा. बायको फोन घेत नाही. सासरे म्हणतात, फोटो खोटा असता तर मुलाकडच्यांनी लग्न का मोडलं असतं? मी माझंच घर जाळीन का, साहेब?”

मी टेबलावर हात आपटला तरी तो दचकला नाही. ज्याचं जायचं ते जाऊन बसलेलं असतं, तो माणूस दचकत नाही. हे मला तेव्हाच समजायला हवं होतं. त्याच्या फोनमध्ये काही सापडलं नाही. जाताना त्याने मला नमस्कार केला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पाच-सहा दिवसांनी दुपारी स्टेशनच्या फोनवर एका बाईचा फोन आला. ती त्याचीच बायको होती. आधी नुसतीच अडखळत होती. मी अहिराणीत विचारलं, काय झालं बहीन, सांग. आपलीच भाषा ऐकली तशी मोकळी झाली.

“साहेब, तुम्ही माझ्या नवऱ्याला दिवसभर बसवून ठेवलं असं दिराने सांगितलं. म्हणून फोन केला. माझ्याकडे एक गोष्ट आहे. फोटोबरोबर ग्रुपवर ज्या खात्याचं नाव फिरत होतं, त्या खात्याला मी मेसेज केला होता. रागात. आणि मला उत्तर आलं.”

तिने मला दोन्ही मेसेज पाठवले. तिने अहिराणीत विचारलं होतं, “तू कोन शे? मना संसारना वाटोळं करीसन तुले काय भेटनं?” म्हणजे, तू कोण आहेस, माझ्या संसाराचं वाटोळं करून तुला काय मिळालं?

दोन दिवसांनी त्या अनोळखी खात्यावरून उत्तर आलं होतं, “तुना नवराना काहीच दोस नही. तो फोटो कापेल शे. तू तुना घर जाय, बहीन.” तुझ्या नवऱ्याचा काहीच दोष नाही. तो फोटो कापलेला आहे. तू तुझ्या घरी जा, बहिणी.

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. एवढ्या वर्षांत बदनामी करणारे बरेच पाहिले होते. आपणच लावलेली आग विझवायला धावणारा पहिल्यांदा बघत होतो. आणि हे शब्द कुणी शोधून लिहिलेले नव्हते. मुलाला गुजरातीत लिहिलं, कारण गुजराती इथे कुणीही लिहितो, त्यातून माणूस ओळखू येत नाही. पण समोरची बाई आपल्या भाषेत रडली तेव्हा उत्तरही त्याच भाषेत निघून गेलं. ऑफिसातल्या त्या नऊ जणांत अहिराणी येणारे दोघंच, तो आणि छोटी. तो नव्हता. छोटी असणं शक्य नव्हतं. मग छोटीच्या फोनमधले फोटो आणखी कोण बघू शकत होतं?

दुसऱ्या दिवशी सायबर सेलचं उत्तर आलं. खातं ज्या मोबाईल नंबरवर उघडलं होतं, तो एका माणसाच्या नावावर होता. पत्ता छोटीच्याच घराचा. नाव तिच्या वडिलांचं. वडील वारून तीन वर्षं झाली होती.

मी छोटीला फोन केला. जमेल तितक्या सहज आवाजात विचारलं, वडिलांचा नंबर अजून चालू आहे का?

“आहे ना सर. बटणाचा जुना फोन आहे, कपाटात असतो. ताई रिचार्ज करते त्याला. पप्पांचा नंबर दुसऱ्या कुणाला जायला नको म्हणते.” मग, “का सर?”

“काही नाही. नोंदीसाठी,” मी म्हणालो आणि फोन ठेवला. खातं उघडताना येणारा कोड बटणाच्या फोनवरही येतो. खोटं बोलताना आवाज कापू नये याची आम्हाला सवय असते. त्या दिवशी कापला.

बाईमाणसाला चौकशीसाठी स्टेशनला बोलवायचं नाही, तिच्या घरी जायचं, हा नियम. महिला कॉन्स्टेबलला बरोबर घेऊन मी साध्या कपड्यांत दुपारी त्यांच्या घरी गेलो. छोटी घरी नव्हती. त्या फोटोनंतर ऑफिसातल्या नजरा सहन होईनात म्हणून तिने नोकरी सोडली होती, आणि नवीन कामाच्या शोधात ती बाहेर पडली होती.

दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत लाकडी चौकटीवर साडी ताणून बसवलेली, आणि मोठी तिच्यावर एकेक टिकली चिकटवत होती. मार्केटचं हे काम सुरतेत घराघरांतून बायका करतात. मला बघून ती उठली नाही. हातातली टिकली नीट जागेवर बसवली, बोट पुसलं आणि म्हणाली, “बसा साहेब. आई, चहा ठेव.”

मी वडिलांच्या फोनचं विचारलंच नाही. साक्रीच्या बाईला गेलेलं उत्तर माझ्या फोनवर उघडून तिच्यासमोर धरलं.

तिने वाचलं. नाकारलं नाही. म्हणाली, “ती गेली का घरी?”

“नाही.”

“मी फक्त एकालाच पाठवलं होतं, साहेब. त्या मुलाला. बाकीचं मला माहीत नव्हतं. एवढं पसरेल असं…”

“का केलंस?”

चहाची कपबशी घेऊन आलेली आई दारातच थांबली. मोठी साडीकडे बघत बोलत राहिली. मी ते जसंच्या तसं आठवून लिहितो आहे.

“माझं लग्न बाविसाव्या वर्षी झालं. नंदुरबारकडे दिलं होतं. चार वर्षं राहिले. मूल झालं नाही म्हणून त्याने दुसरी आणली, मग मी परत आले. छोटीचं जमत आलं तेव्हा आईने त्यांना सांगितलं, एकच मुलगी आहे. मला आधी विचारलं होतं तिने. मी हो म्हणाले. परत आलेली बहीण घरात आहे म्हटलं की लोक नाक मुरडतात. मला कळतं ते. साखरपुड्याला सगळा स्वयंपाक मी केला. छोटीला साडी मी नेसवली, केस मी बांधले. पाहुणे आले तसं आतल्या खोलीत बसले. वाईट वाटलं नाही, खरंच सांगते. पाहुणे गेल्यावर छोटी धावत आत आली, म्हणाली ताई चल, आपला फोटो. आई, ती आणि मी. शेजारच्या पोरीने काढला. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता.”

कॉन्स्टेबलने लिहायचं थांबवलं होतं.

“दुसऱ्या दिवशी छोटीने तो फोटो टाकला. मला कापून. कापायला लागलंच असतं, सासरकडचे सगळे तिचे फोटो बघतात. पण तिच्या खांद्यावर माझा हात राहून गेला. त्या मुलाच्या बहिणीने खाली लिहिलं, भाभी, हा हात कुणाचा? आणि छोटीने उत्तर दिलं, शेजारच्या काकूंचा. पुढे हसरा चेहरा टाकला होता.”

तिने चौकटीवरची साडी उगाच सारखी केली.

“साहेब, मी तिला अंगाखांद्यावर वाढवलं आहे. आई कारखान्यात धागे कापायला जायची, छोटी माझ्याजवळ असायची. काकू! शेजारची तरी म्हणायला नको होतं तिने. मैत्रीण म्हणाली असती. काहीही म्हणाली असती. त्या फोटोला दोनशे लोकांनी बदाम दिला. मी एकेक नाव वाचलं. त्यातल्या कितीतरी जणांना मी जेवायला वाढलेलं आहे. कुणी विचारलं नाही, मोठी कुठे आहे?”

“म्हणून लग्न मोडलंस?”

“मोडायचं नव्हतं. मला वाटलं, तो मुलगा तिला विचारेल, भांडेल, ती रडेल. रडली की ती माझ्याकडेच येते, लहानपणापासून. मी तिची समजूत काढेन, त्यालाही फोन करून सांगेन की मी तिची मोठी बहीण बोलतेय. असं काहीतरी डोक्यात होतं. त्याने विचारलंच नाही. मग छोटी म्हणाली पोलिसात जाऊ, आणि मला नको म्हणता येईना.” मग तिने माझ्याकडे पाहिलं. “ती आली साहेब माझ्याकडे. पंधरा दिवस माझ्या कुशीत झोपते आहे. आणि मी जागी असते.”

आई तेव्हा बोलली. कपबशी तिने जमिनीवर ठेवली. “मनीच चूक शे, साहेब,” ती म्हणाली. चूक माझीच आहे. “दोघींतल्या एकीचं तरी चांगलं व्हावं म्हणून एकीला झाकलं. दुसरं काय करायचं होतं मी? तुम्ही सांगा.”

पोलिसाला विचारलेले सगळेच प्रश्न पोलिसाचे नसतात.

मी मोठीला म्हणालो, “छोटीला तू सांग. उद्या सकाळी अकरापर्यंत. नाहीतर मला सांगावं लागेल.” हे कायद्यात बसत होतं की नाही ते मी पाहिलं नाही. निघण्याआधी मी साक्रीला फोन लावून मोठीच्या हातात दिला. ती त्या बाईशी अहिराणीत बोलली. फोटो मी कापला, तुझ्या नवऱ्याला मी कधी पाहिलेलंही नाही, माझ्या पापाची शिक्षा त्याला देऊ नको, असं दोन-तीनदा म्हणाली. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. मोठीने फोन परत दिला तेव्हा स्क्रीनला गोंद लागला होता. तिने तो ओढणीने पुसला.

दुसऱ्या दिवशी अकराला छोटी एकटी आली. ती रडत नव्हती. चेहरा असा, जणू पंधरा दिवसांत पंधरा वर्षं झाली.

“सर, अर्ज परत घ्यायचा आहे.”

“ताईने सांगितलं?”

“हो.” ती खुर्चीच्या हातावर नख ओढत राहिली. “सर, मी ते काकूंचं लिहिलं ना, तेव्हा मी रिक्षात होते. घाईत लिहिलं. पाठवून विसरूनसुद्धा गेले. ताई त्यानंतर दोन दिवस जेवली नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, पित्त झालंय. मी गोळी आणून दिली.”

“मग तू तिला माफ केलंस?”

“नाही सर,” ती लगेच म्हणाली. “मला येत नाही माफ करता. माझी चूक मला कळते. पण तिचा चेहरा समोर आला की मला ते पंधरा दिवस आठवतात. मी तिच्या गळ्यात पडून विचारायची, ताई, कुणी केलं असेल गं? आणि ती माझ्या केसांतून हात फिरवायची.”

तिने अर्ज परत घेतल्याचं लिहून दिलं. मी सही केली. केकवाल्या माणसाला बोलावून मी उभं राहून माफी मागितली. कुणी केलं ते त्याला कळलंच होतं, पण त्याने तक्रार केली नाही. “माझं घर परत येऊ द्या, साहेब, मला बाकी काही नको,” म्हणाला. त्याची बायको चार महिन्यांनी आली. मुलगी मात्र बरेच दिवस त्याच्या फोनला कुणाचा मेसेज आला की आईच्या तोंडाकडे बघायची, असं त्यानेच मला पुढे सांगितलं.

खरं काय ते कळल्यावर तो लग्नाचा मुलगाही स्टेशनला आला होता. छोटीशी बोलायचं होतं, घरी जायची हिंमत नव्हती. मी तिला विचारलं, ती म्हणाली बोलते. माझ्या केबिनमध्ये दोघं समोरासमोर बसली.

“मी तयार आहे अजून,” तो म्हणाला. “आईलाही समजावीन.”

“तुम्ही मला एकदा विचारलं का नाही?”

“फोटो होता ना. समोर दिसत होतं.”

छोटी उठली. “पुढच्या वेळी पण काहीतरी दिसेल,” एवढंच म्हणाली आणि गेली. मुलगा वाईट नव्हता. हातातल्या फोनवर विश्वास ठेवायची सवय झालेला, चारचौघांसारखा होता.

मोठी पंधरा दिवसांत घर सोडून गेली. कुणी जा म्हटलं नव्हतं. नवापूरच्या बाजूला एका आश्रमशाळेत स्वयंपाकाचं काम मिळालं. आई तिला स्टँडपर्यंत सोडायला गेली. छोटी घरातच होती.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. फोनने संसार मोडतात, असं म्हणणं सोपं आहे. मीही भाषणांतून ते म्हणालो आहे. पण मोठीला आतल्या खोलीत बसवलं ते फोनने नव्हे. ते आपण पूर्वीपासून करत आलो. पूर्वी ते त्या एका दिवसापुरतं असायचं. पाहुणे गेले की ती बाई बाहेर येऊन सगळ्यांत मिसळायची आणि जखम वरवर तरी भरून यायची. आता तो दिवस फोनमध्ये तसाच उघडा राहतो. कुणी बदाम दिला, कुणी काय लिहिलं, आपण कुठून कापले गेलो, हे ती बाई शंभरदा बघू शकते. आणि उट्टं काढायचं हत्यारही त्याच हातात असतं, रागाच्या पहिल्या पाच मिनिटांत.

अर्ज बंद केला त्या संध्याकाळी घरी जाऊन मी माझ्या मुलाच्या लग्नाचा अल्बम काढला. माझा थोरला भाऊ वारल्यापासून वहिनी आमच्यातच राहतात. अल्बममध्ये त्या एकाही फोटोत नव्हत्या. मी बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, “त्याच म्हणाल्या, मी नको.” आम्ही कुणी आग्रह केला नव्हता. मी, तीस-पस्तीस वर्षं लोकांचे फोटो तपासणारा माणूस, इतक्या वर्षांत तो अल्बम कितीदा बघितला होता. वहिनी आत भाकरी थापत होत्या. मी आत जाऊन उभा राहिलो. “पाणी पाहिजे का, भाऊ?” त्यांनी विचारलं.

निवृत्तीनंतर दीडेक वर्षाने पर्वत पाटियाच्या बसस्टॉपवर छोटी भेटली. मला तिनेच ओळखलं. दुसऱ्या एका ऑफिसात लागली होती. लग्न केलेलं नव्हतं. आई बरी आहे म्हणाली. मी विचारावं की नाही असा घुटमळलो, तर तीच म्हणाली, “ताई नवापूरलाच आहे. आम्ही बोलत नाही.”

“अजून?”

“अजून. दोनदा नंबर लावून ठेवून दिला.” मग म्हणाली, “पण तिने खातं उघडलंय, सर. स्वतःच्या नावाने. स्वतः काही टाकत नाही ती. मी टाकलेलं बघते फक्त. म्हणून मी रोज काहीतरी टाकते. चहाचा कप, ऑफिसची खिडकी, काहीही. टाकलं की जरा वेळात तिचं नाव येतं. मागे दोन दिवस आलं नाही, तर मी आश्रमशाळेच्या ऑफिसात फोन केला. त्यांनी सांगितलं, ताप होता, आता बरी आहे. तिला सांगू नका म्हटलं मी.”

बोलता बोलता तिने समोरच्या उड्डाणपुलाचा फोटो काढला. पुलावर कापडाचा टेम्पो अडकला होता, बाकी त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. तिने तो टाकला आणि फोन हातातच धरून ठेवला. आम्ही इकडचं तिकडचं बोललो. तिची बस वळणावर दिसली तेव्हा तिने स्क्रीन माझ्यासमोर धरली.

“बघा,” म्हणाली.

पाहणाऱ्यांच्या यादीत एकच नाव आलं होतं. ती बसमध्ये चढली.